नव्वद दिवसांची मुदत

काल, २७ ऑगस्ट २०२५ ला, गणपती बसले आणि कालपासूनच अमेरिकेत आपल्या मालावर ५० टक्के कर लागू झाला. संध्याकाळची आरती आटोपली तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन. "मावशी, तुझ्या टॉवेलवाल्यांचं आता कसं होणार गं?" मी सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्याची पॅकिंग लिस्ट समोर घेऊनच बसले होते. माल अमेरिकेचा, भाव जूनमध्ये ठरलेला, शिवून, कार्टन भरून तयार. आणि सकाळी उघडून बघते तर तिकडच्या माणसाचा चार ओळींचा मेल. सध्या माल चढवू नका, थोडी मुदत द्या, पुढचं कळवतो.

भाच्याला म्हटलं, उद्या बोलू. मग पोटमाळ्यावरून निळी फाइल काढली. तिच्या पाठीवर माझ्याच अक्षरात "२००८-०९, अमेरिका" असं लिहिलंय. सतरा वर्षांत ती दोनदाच उघडली असेन. त्यातला ऑक्टोबरचा एक मेल काढून कालच्या मेलशेजारी ठेवला. माणूस वेगळा, कंपनी वेगळी, मजकूर मात्र जवळजवळ तोच. त्यातही "थोडी मुदत" होतीच.

भाचा २००८ साली दुसरीत होता. त्याला त्या वर्षाबद्दल माहीत आहे ते शेअर बाजाराचं आणि बुडालेल्या बँकांचं. सोलापुरात ते वर्ष कसं गेलं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून हे लिहिते.

बी.कॉम. झाल्यावर २००४ मध्ये मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लागले. अठ्ठेचाळीस माग, स्वतःचं छोटं डाइंग, शिलाई आणि पॅकिंग. माझं काम एक्स्पोर्टचे कागद करायचं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजाच्या पावतीचा, मसुदा, माल कुठला याचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, बँकेत द्यायचा कागदांचा सेट. आमची टेरी टॉवेलची जात सोलापूरच्या नावाने नोंदलेली आहे, चादरीसारखंच तिलाही भौगोलिक मानांकन आहे. पण परदेशात जाणाऱ्या मालावर सोलापूरचं नाव कधीच नसायचं, तिथल्या दुकानाचं लेबल असायचं. लेबलंही तेच पाठवायचे, मोजून. एखादं कमी पडलं तर मला मेल करून मागवावं लागे.

कारखान्याचा सगळा धंदा मुदतीवर चालायचा. सूतवाला व्यापारी तीस दिवसांच्या उधारीवर सूत द्यायचा, सण तोंडावर असला तर पंचेचाळीस. बँक पॅकिंग क्रेडिट, म्हणजे ऑर्डरीवर उचल, द्यायची, तेही मुदतीचंच. न्यू जर्सीतला आमचा आयातदार माल जहाजावर चढल्यापासून नव्वद दिवसांनी पैसे द्यायचा. तो ज्या दुकानांच्या साखळीला माल घालायचा ती त्याच्याकडून साठ दिवस मागून घ्यायची. तिथलं गिऱ्हाईक कार्डावर टॉवेल घ्यायचं, म्हणजे त्यालाही महिनाभराची सवड. या सगळ्या माळेत एकच माणूस असा होता की ज्याला मुदत नव्हती आणि ज्याच्याकडे ती मागताही येत नव्हती. तो म्हणजे मागावरचा कामगार. त्याचा पगार शनिवारी. डझनावर मजुरी, जेवढे डझन उतरतील तेवढे पैसे. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना त्याहून कमी, आठवड्याला साडेतीनशेच्या आसपास.

२००८ साली गणपती १४ सप्टेंबरला रविवारी बोळवले. सोमवारी कारखान्यात निम्मे माग उभे होते. रात्रभर लेझीम खेळून माणसं झोपलेली, जी आली होती त्यांच्या कानामागे अजून गुलाल. त्याच सोमवारी, १५ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणं ६०० अब्ज डॉलरांच्या वर. दुसऱ्या दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलर ओतले. आम्ही हे आकडे चहाच्या टपरीवरच्या टीव्हीत बघितले. आमचे जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, पन्नाशीतले, तीस वर्षं मागांत काढलेले. ते हातातला कप तसाच धरून मला म्हणाले, "ताई, ही कंपनी आपला टॉवेल घेत होती काय?" मी म्हटलं, नाही मामा, ती पैशांची कंपनी होती, तिचा आपला काही संबंध नाही.

पुढचे सहा महिने मला हे उत्तर आठवत राहिलं. मी ते खात्रीने दिलं होतं, आणि ते चूक होतं.

संबंध असा होता. आमचा आयातदार २००६ मध्ये एकदा सोलापूरला आला होता. चेकिंगच्या टेबलाशी उभं राहून त्याने मला समजावलं होतं की त्यांच्याकडे माणूस जुना टॉवेल फाटला म्हणून नवा फारसा घेत नाही. नवं घर घेतलं, घर बदललं, लग्न झालं, पोरगं कॉलेजला राहायला गेलं की टॉवेल घेतले जातात, तेही सेटनं, बाथरूमच्या रंगाला जुळवून. म्हणजे आमचा धंदा घरांवर उभा होता. २००५ मध्ये अमेरिकेत २० लाखांवर नव्या घरांची बांधकामं सुरू झाली. २००९ मध्ये तो आकडा साडेपाच लाखांच्या आसपास आला. मधल्या काळात जे झालं ते आता सगळ्यांना माहीत आहे. ज्यांची फेडायची ऐपत नव्हती त्यांना सुरुवातीला कमी व्याज लावून कर्जं दिली, त्या कर्जांचे गठ्ठे बांधून रोखे केले, ते जगभरच्या बँकांनी चांगला माल समजून घेतले, आणि घरांचे भाव उतरायला लागल्यावर कुठल्या गठ्ठ्यात काय भरलंय ते कुणालाच सांगता येईना. मग एक बँक दुसऱ्या बँकेवर विश्वास ठेवेना.

आणि आमची सगळी कागदपत्रं त्याच विश्वासावर चालायची. एलसी म्हणजे काय, तर तिकडच्या बँकेचं वचन, की कागद बरोबर असले तर पैसे आम्ही देऊ. त्या वचनावर इकडची बँक आम्हाला आधीच पैसे मोकळे करायची. ऑक्टोबरात मी युरोपातल्या एका गिऱ्हाइकाचा सेट घेऊन बँकेत गेले तर साहेब एलसी काढणाऱ्या बँकेचं नाव दोनदा वाचून म्हणाले, मुंबईला विचारावं लागेल. चार वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. कागदात एक खोडाखोड नव्हती, स्पेलिंगची चूक नव्हती. मी बाहेर बाकावर बसून पुन्हा एकदा सगळे कागद तपासले, कारण चूक माझी असती तर ती मला दुरुस्त करता आली असती.

घरी वेगळंच चाललं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मिलमध्ये होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. त्यांची देणी कित्येक वर्षं अडकली आणि मिळाली ती तुकड्या-तुकड्यांनी. भोंगा थांबल्यापासून त्यांचा कुठल्याच संस्थेवर जीव बसला नाही. सप्टेंबरअखेर एका मोठ्या खासगी बँकेबद्दल अफवा उठल्या आणि ३० तारखेला रिझर्व्ह बँकेने त्या बँकेकडे पुरेसा पैसा असल्याचं निवेदन काढलं. आमचं त्या बँकेत खातंसुद्धा नव्हतं. तरी दादा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पोस्टात गेले आणि मुदत संपायला आठ महिने राहिलेली ठेव मोडून पैसे घरी घेऊन आले. आईने व्याज किती गेलं ते विचारलं. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे किती गेलं. मला झोप पाहिजे." ती रक्कम पुढं सहा महिने गव्हाच्या डब्यात होती. मी त्यांच्याशी भांडले होते. ते भांडण आज मला परत घ्यायचंय. ज्याचं एकदा बुडालंय त्याच्या भीतीला आकडे दाखवून उपयोग नसतो, आणि मी आकडेच दाखवत होते.

ऑक्टोबरात तो मेल आला. दोन कंटेनर तयार होते, एक न्हावाशेवा बंदरात पोचलेला. आयातदाराने लिहिलं की त्याच्या बँकेने त्याची उचल निम्म्यावर आणली आहे आणि दुकानांनी नाताळच्या ऑर्डरी कापल्या आहेत. त्याच सुमारास लिनन्स एन थिंग्ज नावाची तिकडची चादरी-टॉवेलांची मोठी साखळी, जी मे महिन्यातच कोर्टात गेली होती, ती सगळा माल विकून दुकानं बंद करायला निघाली. आमचा माल तिच्याकडे जात नव्हता. पण शेकडो दुकानांतला माल मिळेल त्या भावाने बाजारात आल्यावर आमच्या माणसाकडून पूर्ण भावात कोण घेणार? मी शेठना मेल वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कपाटातून एक जुना पांढरा टॉवेल काढून टेबलावर ठेवला. तो कॅनन कंपनीचा होता, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅनापोलिस गावचा. सॅम्पल म्हणून त्यांना कुणीतरी दिला होता. ते गावच टॉवेलवर वसलेलं. ३० जुलै २००३ ला कॅनन विकत घेतलेली तिथली पिलोटेक्स कंपनी बंद झाली आणि एका दिवसात साडेसहा हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. दीड वर्षाने, १ जानेवारी २००५ ला, कापडाचा कोटा, म्हणजे किती माल येऊ द्यायचा याची मर्यादा, उठला आणि आमच्यासारख्यांना अमेरिकेची दारं मोकळी झाली. शेठ म्हणाले, "त्या गावाचं गेलं ते आपल्याकडे आलं. तेव्हा आपण पेढे वाटले. त्या लोकांचा शनिवार कसा गेला असेल ते मी कधी विचारलं नाही." मला त्या दिवशी पहिल्यांदा शेठ म्हातारे वाटले.

दिवाळी २८ ऑक्टोबरला होती. आदल्या दिवशी सेन्सेक्स ७,७०० च्याही खाली जाऊन आला. जानेवारीत तोच २१,००० च्या वर होता. लक्ष्मीपूजनाला नेहमीप्रमाणे वह्या पूजल्या. बोनस मात्र अर्धा दिला आणि उरलेला संक्रांतीला देऊ असं सांगितलं. कामगारांनी आवाज केला नाही. मला ते शांत राहणं फार लागलं. दरवर्षी बोनसवरून दोन-तीन दिवस घासाघीस व्हायची, युनियनवाले यायचे, जॉबर मध्ये पडायचे. त्या वर्षी सगळ्यांना कळलेलं होतं. जॉबर मामा तेवढे म्हणाले, "एं चेद्दाम्, ताई." काय करायचं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात हे तेलुगू वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं, तेव्हा ते नुसतं बोलणं असतं. त्या दिवशी मामा उत्तराची वाट बघत उभे होते.

आता डॉलरचं सांगते, कारण भाच्यासकट सगळे हेच विचारतात की डॉलर वाढला की एक्स्पोर्टवाल्याची चंगळ ना? २००७ मध्ये उलटं झालं होतं. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर ४४ रुपयांचा होता, अखेरीस ३९ वर आला. ठरलेल्या भावाला माल पाठवून शंभरातले दहा-अकरा रुपये बसल्या जागी गेले. सगळे घाबरले की आता ३६ होणार, ३५ होणार. बँकांची माणसं कारखान्या-कारखान्यांत येऊन सांगत होती, पुढचे डॉलर आजच विकून ठेवा. शेठनी २००८ च्या मार्चमध्ये नोव्हेंबरअखेरचे ६०,००० डॉलर ४१ रुपयांच्या भावाने विकून ठेवले. त्यात जुगार काहीच नव्हता. ऑर्डर हातात होती, भाव बांधून घेतला, रात्री झोप लागावी म्हणून. नोव्हेंबर आला तेव्हा डॉलर साडेएकोणपन्नास रुपये. ऑर्डर थांबलेली, डॉलर आलेच नाहीत. पण बँकेला डॉलर देण्याचा करार तर उभाच होता. डॉलर नाहीत तर फरक भरा. डॉलरमागे साडेआठ रुपये, म्हणजे ५ लाख १० हजार. न विकलेल्या मालावर, न आलेल्या पैशावर.

तो फरक भरायचं चलन मी स्वतः टाइप केलं. टपरीवर त्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, डॉलर पन्नासला चाललाय, तुमच्या शेठला सोन्याचे दिवस. मी काही बोलले नाही. समजावायला पाऊण तास लागला असता आणि मला रडू आलं असतं.

आणि एवढं असून सूत स्वस्त होत नव्हतं. जगात कापसाचे भाव पडले होते, पण त्याच हंगामात सरकारने हमीभाव वाढवला होता. लांब धाग्याच्या कापसाला २,०३० वरून एकदम ३,००० रुपये क्विंटल. आमच्या भागातले कारखानदार यावरून फार चिडलेले असत. माझी आई मराठवाड्यातली, तिच्या माहेरी कापूस होता. माझ्या मामाच्या, आईच्या भावाच्या, हातात त्या साली पहिल्यांदा बरे पैसे आले. मी कारखान्यात बसून सुताच्या बिलाकडे बघून सुस्कारा टाकायची आणि घरी आईचा मामाशी फोन चालला की मला बरं वाटायचं. दोन्ही खरं होतं.

डिसेंबरपर्यंत तीन पाळ्यांची एक झाली. अठ्ठेचाळीसपैकी चौदा माग चालायचे. मागांच्या आवाजाची एवढी सवय झालेली की तो नसताना ऑफिसात फोनवर आपण ओरडतोय हे लक्षात यायचं. आधी कुणाचं काम गेलं, तर कांड्या भरणाऱ्या बायकांचं. अकराजणी होत्या. माग थांबले की कांडी लागत नाही, इतकं ते सरळ असतं. त्यांना कुणी काढलं नाही, फक्त "उद्या नको, सोमवारी या" असं सांगितलं, मग पुन्हा पुढचा सोमवार. म्हणजे त्यांना मुदतीवर ठेवलं. काढलं असतं तर निदान त्यांनी दुसरीकडे बघितलं असतं. याला मीही जबाबदार होते. निरोप मीच द्यायची.

त्यांतली एक अक्का कुंभारीच्या विडी घरकुलातून यायची. दहा हजार घरांची ती वसाहत. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, कामगार पुढारी नरसय्या आडम मास्तरांच्या मागं चालत गेल्या, स्वतःचे पैसे भरले आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अक्का स्वतः दिवसा आमच्याकडे कांड्या भरायची, तिची सासू आणि मोठी पोरगी घरी विड्या वळायच्या. पुढं वाचताना माझ्या लक्षात आलं की अमेरिकेत घरांचे भाव शिखराला पोचले ते साल २००६ हेच. तिकडे कर्ज फेडण्याची ऐपत न बघता घरं दिली, ती दोन-तीन वर्षांत लोकांच्या हातून गेली. इकडे त्याच वर्षी विडी वळणाऱ्या बायकांना एकेक रुपया भरून घर मिळालं. आणि ते घर टिकेल का याची चिंता अक्काला तिकडच्या घरांमुळे लागली. ती दोन दारं एकमेकांना कशी जोडलेली होती हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

विडीचंही तेव्हा धड नव्हतं. २ ऑक्टोबरला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. बंदी योग्यच होती, माझे काका तंबाखूनेच गेले. पण घरकुलातल्या बायका रोज एकमेकींना विचारत होत्या की विडी बंद झाली तर आपलं काय. हजार विड्यांमागे मिळणारे पैसे हाच त्या हिवाळ्यात अक्काच्या घरातला एकमेव पैसा होता.

७ डिसेंबरला सरकारने पॅकेज जाहीर केलं. एक्स्पोर्टच्या कर्जावर कापड, चामडं अशा धंद्यांना व्याजात दोन टक्के सूट, मार्चअखेरपर्यंत. मी त्याचे फॉर्म भरले. आमची उचल २५ लाखांची होती, चार महिन्यांचे १६,६६७ रुपये निघाले. वर्तमानपत्रात पॅकेजचे आकडे हजारो कोटींचे होते. हा आकडा वाचून शेठ म्हणाले, एवढ्यासाठी एवढे कागद? मी मात्र मनात भागाकार केला. अकरा बायकांचे चार आठवड्यांचे पैसे. तो भागाकार मी त्यांना बोलून दाखवला नाही. दाखवायला हवा होता. पैसे सूतवाल्याकडे गेले.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरली. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा तशीच, पाळणे तसेच. संक्रांतीचा अर्धा बोनस शेठना पूर्ण देता आला नाही, जेवढा जमला तेवढा पाकिटांत घातला. सोमवार-सोमवार करत ज्या बायकांनी येणंच सोडलं होतं त्यांची पाकिटं पोचवायला मी घरकुलात गेले. अक्का घरी होती. दारात तिच्या पोरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या, बोटं न बघता चालत होती. पाकिटात ६४० रुपये होते. अक्काने मोजले, चप्पल घातली आणि मला म्हणाली, चल माझ्याबरोबर. आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदाराने वही काढली. तिच्या नावाचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं. तांदूळ, गोडेतेल, चहापत्ती, पुन्हा तांदूळ. अक्काने पाचशे पुढं केले. त्याने तीनशे घेतले, दोनशे तिच्याकडे सरकवले आणि वहीत तीनशेच लिहिले.

मी त्याला विचारलं, तुमचं कसं चालतं? तो म्हणाला, मार्केट यार्डातला व्यापारी आता रोख मागतो. बायकोच्या पाटल्या ठेवल्यात. मग म्हणाला, या गल्लीत सगळ्यांचीच पानं भरलीत, मी बंद केलं तर दुकान कुणासाठी उघडू?

परत येताना बसमध्ये मी ती माळ मनात पूर्ण केली. दुकानांच्या साखळीने आयातदाराकडून मुदत घेतली, आयातदाराने आमच्याकडून, आम्ही सूतवाल्याकडून आणि बायकांकडून, बायकांनी या माणसाकडून. न्यूयॉर्कातून निघालेलं ओझं घरकुलाच्या कोपऱ्यावर एका वहीत येऊन थांबलं होतं. तिथून खाली द्यायला त्याच्याकडे दोन पाटल्या होत्या.

आयातदाराने पैसे दिले, पण नव्वदाऐवजी एकशे बावन्न दिवसांनी आणि भावात आठ टक्के कापून. २००९ च्या पावसाळ्यानंतर ऑर्डरी हळूहळू सुरू झाल्या. अकरांपैकी सहाजणी परत आल्या. अक्का आली नाही. कारखाना त्या वर्षी वाचला आणि पुढं २०११ मध्ये कापूस जगात पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला तेव्हा विकला गेला, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. तेव्हापासून मी घरूनच चार-पाच लहान कारखान्यांचे कागद करते.

आता कालचं, ऑगस्ट २०२५ चं. पाकिस्तानच्या मालावर १९ टक्के, बांगलादेशाच्या २०, तुर्कस्तानच्या १५ आणि आपल्या ५०. हा फरक सहा-सात टक्क्यांवर धंदा करणारा कुठलाच कारखानदार पोटात घालू शकत नाही. सरकारने परदेशी कापसावरची ११ टक्के आयात ड्यूटी तूर्त माफ केली आहे, त्याने सूत थोडं नरमेल. तेवढ्याने भागणार नाही हे सगळ्यांना कळतं. भाच्याला मी आज हेच सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्ही युरोपात का विकत नाही? विकतो बाळा, पण लेबल बदलायलाही तीन महिने लागतात, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवायला त्याहून जास्त.

ज्यांचा माल अडकलाय ते कारखानदार चाळिशीतले आहेत, मला ताई म्हणतात. आज सकाळी आम्ही मिळून मेलचं उत्तर लिहिलं. मुदत देतो, पण सुताचे तीस टक्के आगाऊ पाठवा आणि गोदामाचं भाडं तुमचं. २००८ च्या फाइलमध्ये असं एकही वाक्य नाही. तिथे माझी सगळी उत्तरं "आपली अडचण आम्ही समजू शकतो" अशी सुरू होतात.

मेल गेल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, आता पुढं?" त्यांच्याकडे बिनधोट्याचे रॅपिअर माग आहेत, कांड्या भरणं राहिलेलं नाही, बायका शिलाईवर आणि चेकिंगवर आहेत. मी म्हटलं, काम कधीपर्यंत नाही ते त्यांना तारीख सांगून स्पष्ट सांगा, म्हणजे त्या दुसरीकडे बघू शकतील. आणि सूतवाल्याच्या आधी त्यांचा आजवरचा हिशेब मोकळा करा. त्यांनी थोडा विचार केला. सूतवाल्याचे सोमवारी द्यायचे होते. मग म्हणाले, काढा यादी.

परवा शनिवार आहे. चौदा नावं आहेत, नऊ झाली.